दुखणं अंगावर काढू नका, पिशवी घाईनं काढू नका

मागच्या अंकात पाळी जाण्याच्या वयाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही वहीच्या फाडलेल्या पानावर, काही मुलीकडून मोबाईलवर टाइप करून घेतलेली. एकीनं तर पत्राच्या शेवटी लिहिलंय, "हे घरात कुणाला ठाऊक नाही." नावं छापत नाही. जी पत्रं इतर बायकांच्याही उपयोगाची वाटली, ती निवडली आहेत.

प्रश्न : वय ४७, खानापूर तालुका, घरची शेती. वर्षभर पाळीचा नेम राहिलेला नाही. दोन-तीन महिने येत नाही आणि आली की दहा-बारा दिवस थांबत नाही. रक्ताच्या गाठी पडतात. भातलावणीला वाकले होते, उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भाच्या पिशवीत लहान गाठ आहे, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. नणंदेची काढली, जावेचीही काढली. सासूबाई म्हणतात, या वयात असंच जातं, सोसायचं. कुणाचं ऐकू?

उत्तर : वहिनी, सोसत बसू नका आणि ऑपरेशनची तारीखही लगेच घेऊ नका. आधी हे का होतंय ते समजून घ्या.

चाळिशीच्या मध्यावर अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटेनासं होतं. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, पण इस्ट्रोजेनचं काम चालूच असतं. त्यामुळे पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं. जमिनीवर सारवणावर सारवण चढवत गेलं की शेवटी जागोजागी पोपडे सुटतात, तसं हे अस्तर कधीही, कसंही सुटू लागतं. म्हणून आधी खंड आणि मग पूर. तुमच्या वयात हे पुष्कळदा होतं. पण पुष्कळदा होतं म्हणून ते सोसायचं असतं, असं नाही. पॅड किंवा कापड तासा-दोन तासाला भिजत असेल, पाळी सात दिवसांपुढं जात असेल, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, किंवा दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

अंधारी आली म्हणजे रक्त कमी झालंय हे जवळजवळ नक्की. हिमोग्लोबिन आधी तपासा. बाईचं १२च्या खाली असेल तर तो पंडुरोग. सात-आठ हिमोग्लोबिन घेऊन चिखलात राबणाऱ्या बायका मी रोज बघते. "जरा दम लागतो" एवढंच सांगतात. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोळी लिंबू-पाण्यासोबत घ्या आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन वर आल्यावरही गोळ्या तीन महिने चालू ठेवायच्या. गोळी सोसत नसेल तर लोहाचं सलाईन देता येतं.

सोबत थायरॉइडची तपासणी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आणि गर्भ नाही ना याची खात्री. (हसू नका, या वयातही राहतो. पुढं एक पत्र आहेच.) आणि तुमचं वय ४५च्या वर आहे, रक्त बेताल जातंय, म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला हवा. बारीक नळीनं चार-पाच मिनिटांत तो घेता येतो, पाळीसारखी कळ येते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. कॅन्सर आहे की नाही हे तो तुकडा सांगेल. सोनोग्राफीत दिसलेली "छोटी गाठ" ते सांगणार नाही. चाळिशीनंतर फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूंच्या, लहान गाठी कितीतरी बायकांना असतात, त्यांचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मिळ आहे, आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. "पुढं कॅन्सर होईल" एवढ्या एका वाक्यावर बाई टेबलावर चढते, याचं मला फार वाईट वाटतं.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला तर उपाय पुष्कळ आहेत. रक्त जातं त्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या असतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळीला वळण लावता येतं. हार्मोन असलेली तांबी पिशवीत बसवली की ती पाच वर्षं काम करते. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डाग पडत राहतात, मग रक्त खूपच कमी होतं. तेवढ्या काळात अनेकींची पाळी जायची वेळच येते आणि ऑपरेशन टळतं ते टळतंच.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. अस्तरात कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल सापडले, गाठ मोठी होऊन लघवीच्या पिशवीवर दाबू लागली, औषधं आणि तांबी करूनही रक्त थांबेना, तर काढणंच शहाणपणाचं. पण तेव्हाही विचारा : तुकड्याचा रिपोर्ट काय आला? औषधाचा कोणता उपाय करून पाहिला? अंडाशय ठेवणार की तेही काढणार? आणि उत्तर कागदावर मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरात ज्याला जे वाचता येतं त्यात लिहून मागा. गरज नसताना पिशव्या काढल्या जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये दिला. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान, असं मनात आणू नका.

एक काम आजपासून करा. भिंतीवर कालनिर्णय असेलच. पाळी आली त्या तारखेला गोल, जास्त गेलं त्या दिवसाला फुली. डॉक्टरकडे जाताना ती पानं घेऊन जा. "अधूनमधून येते हो" या उत्तरापेक्षा त्या पानांवरून आम्हाला कितीतरी जास्त कळतं.

प्रश्न : वय ४१. निपाणीजवळ राहते, विड्या वळते. ३६व्या वर्षी अंगावर पांढरं जायचं म्हणून पिशवी काढली. तेव्हापासून अंगाची आग होते, रात्री पोलकं ओलं होतं, सांधे धरतात. विडीला बसलं की गुडघे सरळ होत नाहीत. डॉक्टर दर महिन्याला कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. मशेरी लावते, ते खरं सांगते. हे सगळं पिशवी काढल्यामुळं का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचं उत्तर लिहिताना मला राग आवरावा लागतोय. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा औषध असतं, पिशवी काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पण जे झालं ते झालं, आता पुढचं बघू.

ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड शोधा. त्यात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढलेत का, हे लिहिलेलं असतं. इंग्रजी किंवा कन्नड वाचता येत नसेल तर आशाताईला दाखवा. तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं, काढले असावेत. अंडाशय गेले की हार्मोन एका दिवसात बंद होतं. ज्या बदलाला शरीर एरवी चार-पाच वर्षं घेतं तो रातोरात होतो, म्हणून आग आणि घाम इतका तीव्र. अंडाशय ठेवलेले असले तरी पिशवी काढलेल्या बायकांची अंडाशयं थोडी लवकर थकतात.

आपल्याकडं पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. ३६व्या वर्षी हार्मोन संपणं म्हणजे हाडं, हृदय यांचं दहा वर्षांचं संरक्षण जाणं. म्हणून इतक्या लहान वयात अंडाशय गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असंच सगळे तज्ज्ञ सांगतात. तुम्हाला पिशवी नाही, त्यामुळे एकटं इस्ट्रोजेन पुरतं, ते कातडीला लावायच्या जेलच्या रूपातही मिळतं. स्तनाचा कॅन्सर, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार यांपैकी काही होऊन गेलं असेल तर आधी सांगा, मग ते चालणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटून हाच प्रश्न सरळ विचारा : मला इस्ट्रोजेन द्यायला हवं का?

महिन्याचं कॅल्शियमचं इंजेक्शन बंद करायला हरकत नाही. पैसे जातात आणि हाडांत काही साठत नाही. रोज पोटातून जायला हवं, साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, मोठा पेलाभर दुधात ३०० च्या आसपास. नाचण्याची आंबील सकाळी, भाकरी एक वेळ नाचण्याची, वर तिळाची चटणी. उरलेलं गोळीनं भरा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, घरात बसून काम करणाऱ्या बायकांचं ते हटकून कमी निघतं. दिवसभर मांडी घालून विड्या वळताना दर अर्ध्या तासानं उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा, दारातून पाण्याची कळशी आणा, काहीही करा. उभं राहून, वजन पेलून केलेल्या हालचालीनंच हाड टिकतं.

आणि मशेरी. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही खरं सांगते. मशेरी तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण. तंबाखूची धूळ कामामुळं दिवसभर नाकातोंडात जातेच, वर आणखी हिरड्यांना चोळायला नको. एकदम सुटत नसेल तर आधी सकाळची ठेवा, दुपारची सोडा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : वय ४९, बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका. गेले वर्षभर अचानक छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, चेहरा लाल होतो, घामानं डबडबते. डिसेंबरच्या थंडीत मुलं विचारतात, "बाई, ताप आलाय?" शिकवताना शब्द आठवत नाहीत, मुलांची नावं चुकतात. आईला शेवटी विस्मरण झालं होतं, तेच सुरू झालं की काय अशी भीती वाटते. रक्त तपासलं, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) नॉर्मल आलं, म्हणून डॉक्टर म्हणाले मेनोपॉज नाही. हार्मोन घेतलं तर कॅन्सर होतो असं ऐकते.

उत्तर : बाई, पहिल्यांदा तुमची सगळ्यात मोठी भीती. शब्द न आठवणं, नावं अडखळणं हे या वयात अगदी नेहमीचं आहे. झोप मोडते, हार्मोन वर-खाली होतं, त्याचा परिणाम. हे विस्मरणाच्या आजाराची सुरुवात नसते आणि बहुतेकींच्या बाबतीत पुढं निवळतं. घराचा रस्ता चुकू लागला, रोजचा स्वयंपाक करताना क्रम हरवू लागला, तर गोष्ट वेगळी. पत्रात तसं काही नाही. इतकं नीटनेटकं पत्र लिहिणाऱ्या बाईच्या बुद्धीची मला काळजी वाटत नाही.

एफएसएच "नॉर्मल" आलं म्हणून काही ठरत नाही. या काळात ते आज वर, पुढच्या आठवड्यात खाली असं उड्या मारतं. ४५ च्या पुढच्या बाईचं निदान तिच्या पाळीच्या तारखा आणि लक्षणांवरूनच होतं, त्यासाठी ही तपासणी लागतच नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की तिथं मेनोपॉज धरायचा, आणि त्याच्या आधीचा जो चार-सहा वर्षांचा बदलता काळ, त्यात तुम्ही आहात. पैसे खर्चायचेच तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर यांवर खर्चा, कारण थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड हेच होतं. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळचा कणकण ताप, खोकला, वजन घटणं असेल तर मात्र वयावर ढकलू नका, क्षयाची तपासणी करा.

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की ते अति हळवं होतं. एरवी लक्षातही येणार नाही एवढी उष्णता वाढली तरी त्याला वाटतं अंग तापलं, आणि ते कातडीच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतं. झळ एक ते पाच मिनिटं राहते. एकूण किती वर्षं? अमेरिकेतल्या बायकांना वर्षानुवर्षं तपासत गेलेल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी सात वर्षांहून जास्त निघाली. म्हणून "सहा महिन्यांत जाईल, सोसा" असं सांगणं मला पटत नाही.

हार्मोन आणि कॅन्सरची भीती पसरली ती २००२ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासामुळं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला, तो दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जणींनी. एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत वाढला नाही. पुढं तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं, की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा धोक्याहून मोठा ठरतो. तुम्ही त्यात बसता. पिशवी आहे, त्यामुळे इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागेल, नाहीतर अस्तर वाढतं. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि स्तनांची तपासणी. जेल किंवा पट्टीच्या रूपात घेतलं तर गुठळीचा धोका वाढत नाही.

नकोच वाटत असेल तर बिनहार्मोनची औषधंही आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत झळा कमी करतात. त्या लिहून दिल्या तर "मला वेड लागलं समजतात" असं मानू नका. सोयाबीन आपल्या भागात मुबलक पिकतं, आहारात जरूर घ्या, पण त्यानं पडणारा फरक थोडाच असतो. कशानं झळ येते ते स्वतःच टिपा. कुणाला कडक चहा, कुणाला तिखट रस्सा, कुणाला नुसती घाई. वर्गात सुती साडी, बाटलीत गार पाणी, पंख्याखालची खुर्ची. आणि मुलांना सांगून टाका. आठवी-नववीच्या मुलींना हे कळलं तर बरंच आहे.

प्रश्न : मी पुरुष आहे, लिहावं की नाही कळत नव्हतं. वडगावात राहतो, घरी दोन माग आहेत. बायको ५१ वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. रात्री दोनदा-तीनदा उठते, सकाळी चिडलेली असते. जवळ गेलं तर नको म्हणते, दुखतं म्हणते. माझ्यावरचं मन उडालं का?

उत्तर : भाऊ, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मन उडालेलं नाही, दुखतंय. इस्ट्रोजेन गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते. संबंध म्हणजे आग, कधी रक्तही येतं, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. अंगाच्या झळा वर्षांनी कमी होतात, पण हा कोरडेपणा औषध न घेता कमी होत नाही, वाढतच जातो. आणि ह्याच तक्रारीसाठी बायका कधीच येत नाहीत. दुसरंच काहीतरी सांगतात, मी विचारलं की मग डोळ्यांत पाणी येतं.

इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, आतून लावायचं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, पुढं आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं जातं, म्हणून बहुतेक सगळ्या बायकांना चालतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. फरक पडायला काही आठवडे लागतात, तोवर वंगणाची जेली वापरा. साबणानं आतून धुणं बंद. रक्त आलं असेल तर क्रीम आणण्याआधी तपासणी करून घ्या.

आणि ती बरी होईपर्यंत "नको" म्हणजे नको, हे तुम्ही पाळा. दुखण्याच्या भीतीनं अंग आक्रसतं आणि आणखी दुखतं. झोपेचंही बघा. रात्री तीनदा घामानं उठलेली बाई पहाटे पाच वाजता मागावर बसत असेल तर चिडेल नाही तर काय करेल? आठवडाभर सकाळचा माग तुम्ही सुरू करा, चहाही तुम्हीच ठेवा. सतत रडू येणं, जगण्यात रस न वाटणं असं काही दिसलं तर थांबू नका, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पूर्वी कधी नैराश्य आलेलं असेल तर. हे पान तिला वाचायला द्या.

प्रश्न : वय ४८, चार महिने पाळी नाही. आता काळजी संपली ना?

उत्तर : नाही. आधी मेडिकलमधून गर्भचाचणीची पट्टी आणून बघा. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरायचं.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यातून सून लिहिते. सासूबाईंचं वय ६१, पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात धुणं धुताना लुगड्याला डाग दिसला. विचारलं तर म्हणाल्या, परत विटाळ आला, कुणाला सांगू नको. देव्हाऱ्यात जाणं बंद केलंय. अंगानं भारी आहेत, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. नवरात्र झाल्यावर दाखवते म्हणतात.

उत्तर : तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं. नवरात्रापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात न्या.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ती पाळी नसते. बहुतेक वेळा अस्तर फार पातळ झाल्यामुळं ते आलेलं असतं आणि साध्या उपायानं थांबतं. पण अशा दहा बायकांत साधारण एकीला पिशवीचा कॅन्सर निघतो. अंगातली चरबी आणि मधुमेह यांनी तो धोका वाढतो, आणि दोन्ही सासूबाईंना आहेत. याची एक जमेची बाजू अशी, की हा कॅन्सर असं रक्त दाखवून लवकर ओरडतो, आणि लवकर सापडला तर ऑपरेशननं बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. इथं पिशवी काढायला मी एका शब्दानंही अडवणार नाही.

आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा घाबरण्यासारखं काही नसतं. जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा आलं, तर तुकडा तपासायला हवा. "पुढच्या महिन्यात बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

त्यांना सांगा, हा विटाळ नाही, हे दुखणं आहे, देवाला दिवा लावायला काही अडचण नाही. तुमच्याकडून ऐकत नसतील तर त्यांच्या बहिणीला सांगायला लावा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट लागत नाही, दोघींची आधार कार्डं तेवढी बरोबर ठेवा. साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव, आणि डाग कोणकोणत्या तारखांना दिसला ते लिहून न्या. तपासणीच्या खोलीत तुम्ही आत त्यांच्याजवळ थांबा.